कौलं उतरवून पत्रा चढवताना

मंगलोरी कौल कोरडं असताना सव्वादोन ते अडीच किलोंचं भरतं आणि एका चौरस मीटरला अशी पंधरा-सोळा लागतात. म्हणजे कौलारू छपराच्या दर चौरस मीटरवर चाळीसेक किलो वजन नुसत्या कौलांचं, वासे आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) वेगळ्या. त्याच जागी अर्धा मिलिमीटर जाडीचा प्रोफाइल (उंचवटे आणि घळी असलेला) पत्रा आला की हे वजन पाच किलोंच्याही खाली येतं. भिंतींवरचा भार हलका झाला म्हणून घरमालक खूश होतो, आणि नेमकी इथेच पुढच्या सगळ्या चुकांची सुरुवात होते. कौलाचं छप्पर स्वतःच्या वजनाने जागेवर बसून राहतं. पत्र्याचं छप्पर बसत नाही, ते बांधून ठेवावं लागतं.

किती घट्ट बांधायचं? आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, धरलेला आहे. या वेगाला दाब होतो चौरस मीटरला सुमारे ९० किलो. घराची उंची, उतार आणि आजूबाजूची घरं यांच्यानुसार तो कमी-जास्त होतो, पण हलक्या छपराला तो वर उचलतो हे नक्की. वळवाच्या वाऱ्यात सबंध छप्पर शेजारच्या शेतात जाऊन पडतं तेव्हा पत्रा सहसा फाटलेला नसतो. पत्रा, पाइप, कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) सगळं एकमेकांना धरून असतं, फक्त भिंतीपासून सुटलेलं असतं.

पुढचा सगळा हिशोब एका नमुन्याच्या घरावर केला आहे: २० फूट रुंद, ३० फूट लांब, ९ इंची विटांची भिंत, मधोमध पूर्व-पश्चिम आढं (छपराची सगळ्यात वरची रेषा), दोन्ही बाजूंना एकेक पाखं (उतरती बाजू). तुमची मापं यात घालून आकडे बदलून घ्या.

आधी ठरवा, पत्रा हवाच आहे का

गळतं म्हणून लगेच छप्पर बदलायला निघू नका. मोठा पेचकस घेऊन वर चढा आणि वासे, तुळया, आढं टोचून बघा, विशेषतः भिंतीत गेलेली टोकं. लाकूड वाळवीने किंवा ओलीने सडतं ते तिथूनच, मधला भाग ठणठणीत दिसत असतो. पेचकस पाव इंचापेक्षा आत गेला तर तो वासा बाद. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांचं सागवान बहुतेक वेळा या परीक्षेत पास होतं. सडलेल्या असतात त्या रिपा. अशा घरात दोन बाय एक इंचाच्या नव्या रिपा ठोकून, फुटकी कौलं बदलून घर पुन्हा शाकारून घेणं हेच शहाणपणाचं. रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच येतं, पण तुमच्या कौलाची खुंटी मोजूनच ठरवा. जुन्या आणि नव्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, म्हणून एका पाख्यावरची चांगली कौलं दुसऱ्या पाख्यावर घालून ते पूर्ण करा आणि नवी कौलं सगळी मोकळ्या झालेल्या पाख्यावर घाला.

पत्रा घेण्याची कारणं वेगळी आहेत: लाकूड खरोखर गेलं आहे, उतार फार कमी आहे (कौलाला २५-३० अंश तरी लागतात), किंवा त्र्यंबक-अंजनेरीकडे असतात तशी माकडं दर वर्षी कौलं फोडतात.

वाडा असेल तर आणखी एक बघा. वाड्यात भार लाकडी खांब आणि तुळया घेतात, मधली पांढऱ्या मातीची भिंत नुसती भराव असते. नव्या कैच्या त्या भिंतीवर टेकवल्या तर दोन पावसाळ्यांत भिंत फुगते. कैचीचा पाय खांबाच्या रेषेतच आला पाहिजे. सामाईक भिंत, भाडेकरू किंवा छपराची उंची वाढवणं यांपैकी काही असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारणा करा आणि शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. काम अर्धवट असताना तक्रार झाली आणि मृग लागला, तर उघड्या घरात बसावं लागतं.

उतरवणं

काम दिवाळी ते मार्च यादरम्यान घ्या. मेमध्ये मजूर मिळत नाहीत आणि वळवाचा भरवसा नसतो. एकूण तीन आठवडे धरा. त्यातला एक आठवडा काँक्रीट पिकण्यात जातो. सामान हलवा, विजेची सर्व्हिस वायर छपराला बांधलेली असेल तर ती महावितरणकडून आधी काढून घ्या, आणि घर झाकेल एवढी ताडपत्री दोरांसकट तयार ठेवा.

कौलं आढ्यापासून खाली आणि दोन्ही पाख्यांवरून सारखीच काढत या. एक पाखं पूर्ण मोकळं करून मग दुसऱ्याला हात घालायचा ही मजुरांची आवडती पद्धत आहे, कारण शिडी एकदाच लावावी लागते. पण त्यात एका बाजूला टनभर भार आणि दुसरीकडे शून्य असं होतं, वासे ढकलले जातात आणि जुनी भिंत बाहेर कलते. दोन्हीकडे चार-चार ओळी, आलटून पालटून. साबूत कौलं आणि सागवानाला चांगला भाव येतो, त्यामुळे "उतरवण्याच्या मजुरीत माल माझा" असं कंत्राटदार म्हणाला तर आधी माल मोजा, मग बोला.

छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचीच शक्यता जास्त. पत्रे पाण्याने भिजवा, जे-हुक कापून अख्खे उतरवा, फोडू नका, सुकं ड्रिल किंवा ग्राइंडर लावू नका, साधा रुमाल किंवा एन-९५ नको, एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क लावा. आणि या पत्र्यावर थेट पाय कधीच ठेवायचा नाही. वरून दणकट दिसतो आणि माणसासकट खाली येतो. दोन पर्लिनवर (पत्रा ज्यांच्यावर बसतो त्या आडव्या दांड्यांवर) टेकतील अशा फळ्या टाकून त्यांवरूनच चाला, कमरेला नव्हे तर अंगभर पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट हवा.

भिंतीवरचा पट्टा: सगळ्यात कमी दिसणारं, सगळ्यात जास्त लागणारं काम

नमुन्याच्या घरात छज्जे धरून छपराखालचं क्षेत्र २३ × ३२ फूट, म्हणजे ६८ चौरस मीटर. ९० किलोंच्या हिशोबाने वारा हे छप्पर सहा टनांनी वर ओढतो. साडेसात फुटांवर एक अशा पाच कैच्या घेतल्या तर मधल्या कैचीच्या एकेका पायावर ७०० किलोंच्या पुढे ओढ येते. आता नेहमीचं काम कसं होतं ते बघा: भिंतीच्या माथ्यावरची एक वीट काढायची, त्यात अँगल उभा करायचा, भोवती मसाला भरायचा. त्या विटेवर वजन किती? दोन विटांचं.

म्हणून भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला, ९ इंच रुंद आणि ८ इंच जाड. आत १२ मिलिमीटरच्या चार सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा सहा इंचांवर. कोपऱ्यात सळया नुसत्या भिडवू नका, काटकोनात वळवून दोन फूट पुढे न्या. माल एम-२० चा, म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी एकास दीड, तीन. शंभर फूट घेराला सुमारे १.४ घनमीटर काँक्रीट लागतं, सिमेंट अकरा-बारा गोणी.

एवढ्यानेही भागत नाही. साडेसात फुटांच्या पट्ट्याचं वजन अडीचशे किलोच भरतं आणि ओढ आहे सातशेची. म्हणून प्रत्येक कैचीच्या जागी १२ मिलिमीटरची उभी सळई भिंतीत तीन फूट खाली उतरवा: लांब बिटने भोक, फुंकून साफ, पातळ ग्राउट (सिमेंटचा घोळ), मग सळई, आणि तिचं वरचं टोक पट्ट्यात वळवलेलं. आता पट्ट्याबरोबर खालची तीन फूट भिंतही वजन घेते आणि ते टनाच्या वर जातं. पट्टा भरण्याआधीच कैचीच्या जागी १६ मिलिमीटरचे दोन जे-बोल्ट खालच्या सळयांखाली अडकवून उभे करा. ८ × ८ इंचाची, १० मिलिमीटर जाड प्लेट साचा म्हणून बोल्टवर घालून ठेवली की काँक्रीट ओतताना ते हलत नाहीत. आटे चिकटपट्टीने गुंडाळा. सात दिवस पाणी मारा आणि तोवर फॅब्रिकेटरला वर चढू देऊ नका. तो तिसऱ्या दिवशी येतोच.

कैच्या आणि पर्लिन

नाशिक शहर, सिन्नर, निफाडकडे एकास चार उतार पुरतो: दहा फुटांना अडीच फूट चढ. इगतपुरी, घोटी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो, तिथे एकास तीन घ्या. २० फुटांच्या कैचीचे पाइप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. त्याची फी वेल्डरच्या दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा फार नसते.

पर्लिनला ५० × ५० × २ मिलिमीटरचा चौकोनी पाइप कैच्या साडेसात फुटांवर असतील तरच चालतो. पैसे वाचवायला कैच्या दहा फुटांवर नेल्या तर तोच पाइप पत्र्याच्या आणि माणसाच्या वजनाने मध्ये इंचभर झुकू शकतो. तिथे ८० × ४० चा पाइप उभा वापरावा लागेल आणि वाचलेले पैसे त्यात जातील. एका पाख्यावर पाच ओळी, वळचणीच्या कडेपासून चार इंचांवर पहिली, आढ्याखाली सहा इंचांवर शेवटची, मध्ये पावणेतीन फुटांचं अंतर. एकूण दहा ओळी × ३२ फूट = ३२० फूट, म्हणजे वीस फुटी पाइप १७, सुमारे ३०० किलो. पर्लिन कैचीवर नुसता ठेवून टाके मारू नका, अँगलचा तुकडा आधी जोडून त्याला चारी बाजूंनी वेल्ड करा. वेल्डवरची खपली हातोडीने झाडून, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट, हे सगळं पत्रा चढण्याआधी. पाइपाची उघडी टोकं बंद करा, नाहीतर पाणी आणि गांधीलमाश्या आत राहतात.

पत्रा मागवण्याआधी प्रत्येक पाख्याचे दोन्ही कर्ण मोजा. १२ × ३२ फुटांच्या पाख्याचा कर्ण ३४ फूट २ इंच यायला हवा आणि दोन्ही सारखे. पाखं तिरकं असेल तर पहिल्या पत्र्यावर पाच मिलिमीटरचा फरक दहाव्या पत्र्यापर्यंत पाच सेंटिमीटरचा होतो आणि वळचण करवतीसारखी दिसते.

पत्रा विकत घेताना वजनकाटा जवळ ठेवा

उताराची लांबी काढायला आडव्या मापाला एकास चारसाठी १.०३ ने गुणा. दहा फूट आणि छज्ज्याचे दीड, असे साडेअकरा फूट गुणिले १.०३ म्हणजे पावणेबारा फूट आणि वर इंचभर. मागवा १२ फुटी. एका पत्र्याने झाकली जाणारी रुंदी एक मीटर धरली तर ३२ फुटांना दहा पत्रे, दोन्ही पाख्यांना वीस. वळचणीपासून आढ्यापर्यंत अखंड पत्राच घ्या. दोन तुकड्यांच्या आडव्या सांध्यातून गळती सुरू होते, आणि फक्त टेंपोत मावत नाही म्हणून सहा-सहा फुटी पत्रे घेणारे पुढे जन्मभर डांबरपट्ट्या चिकटवत बसतात.

जाडीत फसवणूक सोपी आहे. "५० चा पत्रा" म्हणजे कोटिंग आणि रंगासकट अर्धा मिलिमीटर की नुसतं पोलाद अर्धा मिलिमीटर, हे बिलावर लिहून घ्या. रंगासकट ०.५० असेल तर आत पोलाद ०.४५ च्या आसपास असतं आणि घराला ते पुरतं. १२२० मिलिमीटर रुंद कॉइलमधून निघालेला १२ फुटी पत्रा मग साडेसोळा ते सतरा किलो भरतो. तेरा-साडेतेरा भरला तर तो ०.४० चा आहे. त्यावर माणूस चालला की उंचवटे दबतात, आणि निफाड-दिंडोरीकडची गारपीट झाली की खळगे पडतात. कोटिंग एझेड-१५० मागा. हा अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा थर असतो, चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम. एझेड-७० स्वस्त पडतं आणि आयुष्यही कमीच देतं.

पत्रे आल्यावर जमिनीवर आडवे रचून ठेवू नका. मध्ये ओल राहिली तर डाग आणि गंज आतूनच सुरू होतो. एक टोक उंच करून ठेवा, वरची प्लास्टिक फिल्म उन्हात तापायच्या आत काढून टाका, नाहीतर ती पुढे नखानेच खरवडावी लागते.

बसवणं

आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला लावा आणि पश्चिमेकडे सरकत जा. प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढला की उघडी कड पूर्वेला राहते आणि वाऱ्याबरोबरचं पाणी सांध्यात घुसत नाही. ज्या कडेच्या उंचवट्यात बारीक जादा खोबण असते ती बाजू खाली राहिली पाहिजे. ती खोबण आत चढू पाहणारं पाणी तोडते. उलटी बसली तर सांधा पहिल्याच पावसात टपकतो आणि कारण वरून कधीच दिसत नाही.

स्क्रू रबर वॉशरचे, सेल्फ ड्रिलिंग. पर्लिनमध्ये जाणारे ५५ मिलिमीटरचे. आमच्या मते घराच्या छपरावर स्क्रू उंचवट्यावरच मारावेत. घळीतला स्क्रू पकडतो जास्त, पण पाणी वाहतं तेही घळीतूनच. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या ओळींत एकाआड एक. सांध्याला लहान स्क्रू दीड-दीड फुटांवर. नमुन्याच्या घराला ५५ चे ४५० आणि लहान २५० आणा. कडेच्या ओळींत स्क्रू वाचवणारा कारागीर नको, कारण वारा पत्रा उचलायला लागतो तो कडेपासून.

किती आवळायचा याची खूण डोळ्यांनी दिसते. वॉशरचं रबर धातूच्या टोपीच्या कडेबाहेर केसभर डोकावलं की थांबा. रबर मशरूमसारखं बाहेर फुगलं किंवा उंचवट्याला वाटीसारखा खळगा पडला तर तो स्क्रू गळणार. त्या वाटीत पाणी साचतं आणि दोन उन्हाळ्यांत रबराला तडे जातात. स्क्रू तिरका गेला तरी तेच. यासाठी क्लच असलेली ड्रिल मशीन वापरा, धडधड करणारी इम्पॅक्ट मशीन नाही.

कापाकापी पत्रा-कात्रीने किंवा निब्लरने. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुततात आणि महिनाभरात सगळ्या पत्र्यावर तांबडे ठिपके उठतात. ड्रिलचा लोखंडी कीसही त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढा. आणि संध्याकाळी खाली उतरताना वर ठेवलेला एकही पत्रा सुटा नसावा. चालायचं ते रबरी तळव्याच्या बुटांनी, घळीत पाय ठेवून, स्क्रूंच्या ओळीवरून.

आढ्यावरची टोपी बसवण्याआधी प्रत्येक घळीचं वरचं टोक पकडीने वर वळवा आणि खाली प्रोफाइलच्या आकाराची फोमपट्टी लावा. हा दहा मिनिटांचा उद्योग हमखास टाळला जातो, आणि मग वादळी पाऊस टोपीखालून उलटा आत येतो.

शेजारच्या भिंतीचा सांधा

जुन्या नाशकात घराला घर चिकटलेलं असतं, त्यामुळे एक तरी कड शेजाऱ्याच्या उंच भिंतीला लागते. तिथे पत्रा भिंतीला भिडवून वर सिमेंटचा गोळा फिरवायची पद्धत आहे. बारा फुटी पत्रा रात्रीच्या थंडीतून दुपारच्या उन्हात गेला की दोनेक मिलिमीटर लांबतो, आणि संध्याकाळी पुन्हा आकसतो. सिमेंटला हे झेपत नाही, दिवाळीत केलेला गोळा होळीला सुटलेला असतो. शिवाय ओल्या सिमेंटने अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचं कोटिंग खाल्लं जातं ते वेगळंच. भिंतीत इंचभर खोल आडवी खाच मारा, तिच्यात पत्र्याची वाकवलेली पट्टी सरकवा, खाच पीयू सीलंटने भरा, आणि पट्टीचा खालचा पदर पत्र्यावर किमान सहा इंच मोकळा येऊ द्या. पट्टी भिंतीला धरलेली, पत्रा तिच्याखाली सरकायला मोकळा.

दोन छपरांच्या मधली पन्हळ असेल तर ती हात घालून साफ करता येईल एवढी रुंद करा, फूटभर तरी. पिंपळाचं एक रोप आणि दोन पारव्यांची घरटी एवढ्यावर ती तुंबते. बाहेरच्या पन्हळीला ३२ फुटांत दोन इंच उतार आणि चार इंची पाइप दोन. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. या एका छपरावरून चाळीस हजार लिटर पाणी उतरतं. बोअर असेल तर ते गटारात सोडू नका.

ऊन आणि पहाटेचे थेंब

पत्रा तापतो, त्याला इलाज आहे: फिकट रंग, पर्लिनवर ५० मिलिमीटर ग्लासवूल किंवा निदान बबल फॉइल, खाली छत, आणि दोन्हींमधली हवा वर निघून जायला आढ्यापाशी वाट. हे पत्र्याच्या आधी घालायचं असतं. नंतर घालायला गेलं की निम्मे स्क्रू काढावे लागतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंथरुणावर थेंब पडतात आणि मालक फॅब्रिकेटरला फोन लावतो. आकाश कोरडं ठाक असतं. रात्री पत्रा गारठतो, घरातली वाफ, चुलीची आणि श्वासाची, त्याच्या पोटावर जमून पर्लिनच्या रेषेत टपकते. थेंब सरळ ओळीत आणि फक्त पहाटे पडत असतील तर ते गळणं नव्हे. सीलंटचा डबा उघडू नका, फॉइल आणि हवा निघून जायची वाट नीट आहे का ते तपासा.

खरी गळती शोधायला पावसाची वाट बघायची गरज नाही. नळी घेऊन वळचणीपासून सुरुवात करा, प्रत्येक ओळीवर पाच-दहा मिनिटं पाणी सोडत वर सरका, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि भोक कुठलं ते कळतच नाही. जिथे थेंब दिसेल तिथला स्क्रू काढून एका नंबरने जाड स्क्रू नव्या वॉशरसह घाला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर, पुढच्या मृगाआधी, कडेच्या ओळींतले सगळे स्क्रू हाताच्या पान्याने एकदा तपासा. जो हाताने फिरतो तो बदला.